‘मालक कोण ते कळलं पाहिजे’ हे आलं कुठून?

घरात पिल्लू आलं की आठवडाभरात कोणीतरी सांगतंच, “याला आत्ताच कळलं पाहिजे, मालक कोण ते.” आमच्याकडे येणाऱ्या ट्रेनरनेही पहिल्याच दिवशी तेच सांगितलं. आधी तुम्ही जेवा, मग त्याला द्या. दारातून आधी तुम्ही बाहेर पडा. ऐकलं नाही तर साखळीला झटका. आम्ही तीन महिने तसंच केलं. मोती ‘सिट’ म्हटलं की बसायला शिकला, पण खुंटीवरच्या साखळीला हात लावला की सोफ्याखाली जायला लागला. त्याचा तो चेहरा पाहवेना, म्हणून ही पद्धत आली कुठून ते शोधायला लागलो.

झटक्याचं मूळ पोलीस आणि लष्करातलं. जर्मनीतले पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांचं प्रशिक्षणाचं पुस्तक १९१० सालचं. चुकलं की तत्क्षणी त्रास, जमलं की तत्क्षणी शाबासकी, हा त्याचा गाभा. ‘तत्क्षणी’ हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं, हे मान्यच करायला हवं. पण कुत्रा कामाचा होता, काम पोलिसी होतं आणि सक्ती गृहीत होती. पुढे अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात लष्करी कुत्री तयार करणाऱ्या विल्यम कोहलर यांनी १९६२ मध्ये आपली पद्धत पुस्तकातून सामान्य घरांपर्यंत पोचवली, आणि गळा आवळणारी साखळी दिवाणखान्यात आली. मराठी घरातल्या कुत्र्यालाही ‘बस’ऐवजी ‘सिट’ आणि ‘थांब’ऐवजी ‘स्टे’ ऐकावं लागतं, त्यात या परंपरेचाच आवाज मला ऐकू येतो.

‘मालक कोण’ ही कल्पना मात्र लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझल प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ मध्ये निबंध लिहिला. लांडगे वरचढपणासाठी सतत झगडतात, जिंकणारा ‘अल्फा’, म्हणजे टोळीचा म्होरक्या, होतो, असं चित्र त्यातून रूढ झालं. अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने हा शब्द जगभर नेला. मग कुत्र्यांचे ट्रेनर म्हणू लागले की कुत्रा हा लांडगाच, घर ही टोळी, तेव्हा अल्फा तुम्ही व्हा. सत्तरच्या दशकात तर कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याचा सल्लाही छापला गेला.

इथेच घोळ होता. बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेले लांडगे म्हणजे टोळी नव्हे. मेक यांनी १९८६ पासून कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे पाहिले, उन्हाळ्यामागून उन्हाळे. तिथली टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. पुढे कोण तर आईबाप, कारण ते आईबाप. १९९९ मध्ये त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं आणि आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकांच्या मागे लागले. ते थांबलं २०२२ मध्ये. आपलीच चूक खोडायला इतकी वर्षं झटणारा संशोधक मला फार मोठा वाटतो.

झटक्याऐवजी बक्षिसाने शिकवण्याचा दुसरा रस्ताही युद्धाच्याच काळातला. १९४३ मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिसमधल्या एका पीठगिरणीच्या इमारतीत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांचे सहकारी कबुतरांना क्षेपणास्त्राचा नेम धरायला शिकवत होते. ते क्षेपणास्त्र कधी उडालं नाही, पण हव्या त्या हालचालीच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक पावलाला दाणा दिला की पक्षी किती झरझर शिकतो, हे त्यांना तिथे कळलं. त्या प्रकल्पातल्या केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने पुढे यावरच व्यवसाय उभारला. १९५१ मध्ये स्किनर यांनी लेखातून घरच्या कुत्र्यासाठी ‘टिक’ वाजणारं खेळणं सुचवलं, म्हणजे आजचा क्लिकर: जमलं की टिक, मागोमाग खाऊ. कुत्र्यांच्या जगाने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष वेधलं ते डॉल्फिनमुळे. हवाईत १९६३ पासून कॅरन प्रायर डॉल्फिनना शिट्टी आणि मासळीवर शिकवत होत्या. डॉल्फिनला साखळी घालता येत नाही, रागावलात तर तो पोहत निघून जातो. १९८४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि पुढच्या दशकात क्लिकर कुत्र्यांच्या वर्गांत पोचला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेनेही वरचढपणाच्या सिद्धान्तावर शिकवू नका, असं निवेदन काढलं.

क्लिकर नसला तरी चालतं. उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा मोतीच्या नाकाशी धरायचा आणि हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर गेलं की ढुंगण आपोआप खाली येतं. ते जमिनीला टेकलं त्याच क्षणी ‘हां!’ म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. दोन सेकंद उशीर झाला तर तो उठलेला असतो, आणि बक्षीस उठण्याला मिळतं.

साखळी आम्ही टाकून दिली, साधा पट्टा आणला. सोफ्याखालून बाहेर यायला मोतीला दोन महिने लागले. खुंटीकडे हात गेला की अजूनही तो एकदा थबकतो, हातात काय आहे ते बघतो, आणि मग येतो.