स्टेशन चौकात स्टेशन होतं का? होतं!

सांगलीत नवखा माणूस रिक्षात बसून ‘स्टेशन’ म्हणाला, की रिक्षावाला आधी विचारतो, ‘चौक का रेल्वे?’ दोन्ही जागा एकमेकींपासून चांगल्याच लांब. मग कुणीतरी सांगतं, चौकाचं नाव पोलीस स्टेशनवरून किंवा एसटी स्टँडवरून पडलं. रेल्वे काय ती मिरजेला, सांगली शहराच्या आत कधी आलीच नाही. मीही लहानपणी हेच ऐकलंय.

संस्थानकाळातला नकाशा उघडा आणि मिरजेकडून बोट सरकवत या. रुळांची एक रेघ थेट शहराकडे येते आणि पुढे कुठेही न जाता संपते. हे शेवटचं टोक म्हणजे सांगली स्टेशन. सांगली संस्थानाची ही मीटरगेज शाखा १९०७ साली सुरू झाली. लांबी जेमतेम पाच मैल! मुंबई-पुण्याला जायचं तरी आधी मिरज गाठायची.

मग रूळ गेले कुठे? १९७१ च्या सुमाराला पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला. मीटरगेजचे रूळ एक मीटर अंतराचे, ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर. एकावरची गाडी दुसऱ्यावर चालत नाही. स्टेशन पूर्वेला, मुख्य मार्गावर आलं आणि शहरातली आखूड शाखा मोडीत निघाली. रूळ उचलले, जागेवर रस्ते-इमारती आल्या. नाव मात्र कुणी उचललं नाही, म्हणून रिक्षावाल्याला अजून विचारावं लागतं.