ताण मोजायचा कसा? बायोफीडबॅकची ओळख आणि सराव

मनावर ताण आला की हृदयाचे ठोके वाढतात, तळहाताला घाम सुटतो, बोटं गार पडतात, कपाळाचे आणि खांद्यांचे स्नायू आवळले जातात. यातलं बरंचसं आपल्या लक्षातही येत नाही. बायोफीडबॅकमध्ये सेन्सर हे बदल टिपतो आणि त्याच क्षणी पडद्यावर आलेखाच्या किंवा आवाजाच्या रूपात दाखवतो. यंत्र फक्त दाखवतं. ताण कमी करायचं काम शिकणाऱ्यालाच करावं लागतं.

त्वचेची विद्युतवाहकता मोजायला दोन बोटांना इलेक्ट्रोड लावतात आणि ती मायक्रोसीमेन्समध्ये वाचतात. अवघड प्रश्न कानावर पडला की एक ते तीन सेकंदांत रेघ वर जाते. पण आनंदाची बातमी ऐकल्यावरही ती तशीच चढते. ही रेघ उत्तेजना सांगते, तिचं कारण सांगत नाही. म्हणून आकड्याशेजारी त्या वेळी मनात काय चाललं होतं तेही लिहून ठेवावं, नाहीतर नोंदीला फारसा अर्थ राहत नाही.

बोटाचं तापमान मोजणं सगळ्यांत सोपं. ताणात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि बोट गार होतं. सैलावल्यावर ते हळूहळू ऊबदार होतं. मात्र खोलीच थंड असेल तर आकडा फसवतो, म्हणून हात १०-१५ मिनिटं खोलीत स्थिरावू द्यावेत. ‘तापमान वाढलंच पाहिजे’ असा हट्ट धरला की बऱ्याचदा ते उलट खाली येतं.

मानसिक ताणासाठी सुरुवात करायची तर आमची पसंती ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउताराला. श्वास आत घेताना ठोके जरा जलद होतात, सोडताना संथ. रक्तदाब सांभाळणारी शरीरातली यंत्रणा दाबातल्या बदलाला ठोक्यांमार्फत प्रतिसाद देते, पण त्या प्रतिसादाला सुमारे ५ सेकंदांचा उशीर होतो. त्यामुळे एक श्वास साधारण १० सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला ६ श्वास झाले, की श्वासामुळे आणि या प्रतिसादामुळे ठोक्यांत उठणाऱ्या दोन्ही लाटा जुळतात आणि चढउतार सर्वांत मोठा होतो. प्रौढांमध्ये ही गती बहुधा ४.५ ते ६.५ श्वासांच्या दरम्यान सापडते. ती ज्याची त्याने शोधायची असते.

त्यासाठी पाठीला आधार देऊन बसावं आणि आधी ५ मिनिटं नेहमीच्या श्वासाची नोंद घ्यावी. मग मिनिटाला ६.५, ६, ५.५, ५ आणि ४.५ श्वास या क्रमाने प्रत्येक गतीवर २ मिनिटं श्वास घ्यावा. ज्या गतीत ठोक्यांची लाट सर्वांत उंच आणि गुळगुळीत दिसते आणि श्वास ओढूनताणून घ्यावा लागत नाही, ती आपली. ६ ची गती हवी असेल तर ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर. रोज १० मिनिटांपासून सुरू करून २० पर्यंत जावं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे संथ श्वासाऐवजी खोल श्वास घेणं. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर गती तीच ठेवून श्वास उथळ करावा. तरीही थांबलं नाही तर त्या दिवशी सराव बंद.

दुसरी अडचण सेन्सरची. बोट हललं किंवा गार पडलं की प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरकडून एखादा ठोका निसटतो. मग ८०० मिलिसेकंदांची दोन अंतरं मिळून १६०० चं एकच अंतर नोंदलं जातं आणि चढउताराचा आकडा उगाच फुगतो. एकाएकी उत्तम आकडा आला तर खूश होण्याआधी आलेखात असा सुळका आहे का ते पाहावं. हृदयाची लय अनियमित असेल किंवा पेसमेकर बसवला असेल तर हा आकडा भरवशाचा नसतो, आणि बीटा ब्लॉकर गटातली औषधं ठोक्यांचा वेगच बदलतात. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून पद्धत निवडावी. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

सराव जमू लागला की पडद्याकडे पाठ करून ५ मिनिटं श्वास घ्यावा आणि नंतर नोंद तपासावी. लाट तशीच दिसली की पुढची पायरी म्हणजे तेच काम उभ्याने, गोंगाटात आणि शेवटी एखाद्या अवघड संभाषणाच्या आधी करून पाहणं.