मेजर बदलला म्हणजे जीपीए सुधारला, असं नव्हे

न्यू जर्सी असो की बे एरिया, मराठी घरातल्या प्रीमेड, म्हणजे मेडिकलच्या तयारीतल्या, मुलाच्या दुसऱ्या वर्षाच्या ग्रेड घसरल्या की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'बायोलॉजी सोडलीस तर डॉक्टर कसला होणार?' दुसरा म्हणतो, 'सायकॉलॉजीला जा, जीपीए आपोआप वर येईल.' (जीपीए म्हणजे सगळ्या ग्रेडची ४.० पैकी सरासरी.) भांडतात कडाक्याचे, पण चूक दोघांची एकच. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कोणता यावर ग्रेडची दुरुस्ती ठरते, असं दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. मेजर निवडणं हे एक काम आहे आणि जीपीए दुरुस्त करणं हे दुसरं. हा गुंता मी इतक्यांदा सोडवून दिलाय की आता एकदाचं लिहूनच टाकते.

आपल्याकडची वाट सगळ्यांना पाठ आहे: बारावीला पीसीबी, मग नीट, मग साडेपाच वर्षांचं एमबीबीएस. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, हेही आता बहुतेकांना माहीत असतं. पण पीसीबीचा 'ग्रुप' डोक्यात इतका पक्का बसलेला असतो की 'प्रीमेड' हाही तसलाच ग्रुप वाटतो. प्रीमेड म्हणजे फक्त कोर्सेसची यादी. साधारण वर्षभर बायोलॉजी, वर्षभर जनरल केमिस्ट्री, वर्षभर ऑर्गॅनिक, वर्षभर फिजिक्स, सगळं लॅबसकट. शिवाय बायोकेमिस्ट्री, थोडं इंग्रजी आणि बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स. मेडिकल स्कूलगणिक थोडा फरक असतो. ही यादी पूर्ण करून पदवी संगीतात घेतली तरी कोणी अडवत नाही. एवढं समजलं की हा भाग संपला.

खरी ठेच लागते ती जीपीएपाशी. कॉलेजच्या पोर्टलवर दिसणारा जीपीए मेडिकल स्कूल जसाच्या तसा उचलत नाही. एमडी (तिकडची डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या बहुतेक शाळांचे अर्ज ॲमकॅस या एकाच खिडकीतून जातात, आणि ॲमकॅस तुमच्या ट्रान्सक्रिप्टवरचा (गुणपत्रिकेवरचा) एकेक कोर्स घेऊन सगळा हिशोब नव्याने मांडतं. त्यात दोन गट असतात. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ यांचा बीसीपीएम, म्हणजे बोलीभाषेत 'सायन्स जीपीए'. आणि उरलेल्या सगळ्याचा एओ, म्हणजे 'ऑल अदर'. दोन्ही मिळून एकूण जीपीए. हे आकडे वर्षवार तक्त्यात छापून प्रवेश समितीपुढे जातात: पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, सगळं उघडं.

कोर्स कोणत्या गटात जाणार, हे त्यात काय शिकवलं यावर ठरतं. तुमचा मेजर कोणता, याची तिथे कोणी चौकशी करत नाही. स्टॅटिस्टिक्स मॅथमध्ये जातं, बायोस्टॅटिस्टिक्ससुद्धा. न्यूरोसायन्स बायोलॉजीत, बायोकेमिस्ट्री केमिस्ट्रीत, खगोलशास्त्र फिजिक्समध्ये. इंजिनिअरिंग मात्र एओ, कॉम्प्युटर सायन्स एओ आणि सायकॉलॉजी एओ. आता ज्याचा मला मनापासून राग येतो ते. 'हेल्थ सायन्स', 'पब्लिक हेल्थ' असले मेजर नावात हेल्थ आहे म्हणून डोळे मिटून घेतले जातात. चांगले विषय आहेत, वाद नाही. पण त्यातले बरेचसे कोर्स एओमध्ये जाऊन पडतात, आणि ज्या सायन्स जीपीएसाठी आटापिटा केला तो जागचा हलत नाही.

उदाहरणच घेऊ. दोन मुली, दोघींची दोन वर्षं झालीत. प्रत्येकीचे ६० क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक) झालेत, एकूण जीपीए २.८. त्यातले २४ क्रेडिट विज्ञान-गणिताचे, आणि तिथे जीपीए २.५. आता दोघी जिद्दीला पेटतात आणि उरलेल्या ६० क्रेडिटमध्ये सरसकट ३.८ मिळवतात. दोघींचा एकूण जीपीए होतो ३.३०.

पहिलीने सोशियॉलॉजी घेतलं आणि विज्ञानाला जेमतेम हात लावला, १२ क्रेडिट. तिचा सायन्स जीपीए येतो २.९३. दुसरीने तेवढ्याच काळात विज्ञानाचे ३६ क्रेडिट केले: जेनेटिक्स, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स. तिचा येतो ३.२८. ग्रेड त्याच, एकूण आकडाही तोच. पण समितीला एकीच्या बाबतीत शंका राहते की हिला विज्ञान झेपेल का, आणि दुसरीच्या बाबतीत दोन वर्षांचा पुरावा समोर असतो. दुसरीचा मेजर कोणता, हे मी सांगितलेलंच नाही. इतिहास असू शकतो. त्या विषयाचे काही कोर्स आधी झालेले असतील, तर तिच्या वेळापत्रकात एवढं विज्ञान बसतं. सायन्स जीपीए खालावलाय म्हणून नुसता मेजर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

याच उदाहरणात आणखी एक कटू गोष्ट दडलीय. पुढच्या ६० क्रेडिटमध्ये एकजात ए मिळाले तरी एकूण ३.४०च होतो. एमडीला प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.८च्या आसपास असतो. म्हणजे दोन वर्षं घसरलेली असतील, तर पदवीच्या चार वर्षांत दुरुस्ती पुरी होईलच असं नाही. मग पदवीनंतर एखादं वर्ष घ्यावं लागतं, आणि तिथे दुसरा खड्डा असतो. पोस्ट-बॅकमध्ये, म्हणजे पदवीनंतरच्या जादा अभ्यासक्रमात, घेतलेले पदवी पातळीचे कोर्स ॲमकॅसच्या अंडरग्रॅज्युएट जीपीएत मिसळतात. मास्टर्सचे ग्रेड वेगळ्या रकान्यात बसतात. बायोमेडिकल सायन्समध्ये मास्टर्स करून ४.० आणलं, तरी पदवीचा २.९ हा २.९च राहतो. त्या मास्टर्सचा उपयोग नाही असं नव्हे, पण जुना आकडा वर आणायचा असेल तर ते औषध नाही. फी भरण्याआधी हे विचारून घ्या.

'कोर्स रिपीट कर, जुनी ग्रेड पुसली जाईल' हे तर रोज ऐकू येतं. कॉलेजच्या हिशोबात पुसली जात असेलही. ॲमकॅस दोन्ही वेळच्या ग्रेड धरतं. ऑर्गॅनिकला आधी सी आणि नंतर ए मिळाला, की कॉलेजचं पोर्टल त्या कोर्सला ४.० दाखवतं, तर ॲमकॅसमध्ये दोन्ही मिळून सरासरी ३.० पडते. कॉलेजने 'फर्गिव्हनेस' देऊन ग्रेड माफ केली असली, तरी ती अर्जात लिहावीच लागते. हा गैरसमज हटत नाही याला एक कारण आहे. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डीओ शाळांचे अर्ज घेणारं एकोमास पूर्वी खरोखरच जुनी ग्रेड बाजूला ठेवत असे. ते २०१७मध्ये बंद झालं. पण त्याआधी शिकून गेलेल्या कुणाच्या तरी दादाचा सल्ला अजून व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझं मत सरळ आहे: डी किंवा सी-मायनस असेल तर रिपीट करा, कारण बहुतेक ठिकाणी प्रीरिक्विझिटला, म्हणजे प्रवेशासाठी सक्तीच्या कोर्सला, किमान सी लागतो. सी किंवा बी-मायनस असेल, तर तोच कोर्स पुन्हा घोकण्यापेक्षा बायोकेमिस्ट्रीसारखा पुढचा कोर्स घेऊन त्यात ए आणा. पाया पक्का आहे हे त्यातून दिसतंच.

मग मेजर निवडायचा कसा? ज्या विषयात तुम्हाला न रडता ए मिळतात आणि जो आठवड्याचे तास मोकळे ठेवतो, तो घ्या, आणि मोकळ्या तासांत विज्ञान बसवा. प्रवेश घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायोलॉजीवाले असतात हे खरं, पण अर्ज करणाऱ्यांतही तेच सगळ्यात जास्त असतात. मानव्य विषयांतून येणाऱ्यांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण बायोलॉजीवाल्यांपेक्षा कमी नसतं. बायोलॉजी आवडत असेल तर जरूर घ्या. 'डॉक्टर व्हायचंय म्हणून' घेतली असेल आणि इकॉलॉजीच्या सक्तीच्या कोर्सात बी-मायनस येत असेल, तर ते दुखणं तुम्हीच ओढवून घेतलंय. वर तो बी-मायनस बीसीपीएममध्ये मोजला जाणार. 'इंजिनिअरिंगच्या ३.२ला समिती सूट देते' ही अशीच आणखी एक गोड समजूत. सूट मिळेल या भरवशावर दुरुस्तीची योजना आखू नका.

सायकॉलॉजीबद्दल आकस नाही, बरं का. २०१५पासून एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या चार भागांपैकी एक भाग सायकॉलॉजी-सोशियॉलॉजीचा आहे, त्यामुळे दोन्हींचा एकेक प्राथमिक कोर्स केला तर तो परीक्षेत कामी येतो. मेजर तोच असला पाहिजे असं मात्र काही नाही.

बीए की बीएस, यावर घरोघरी तास-तास चर्चा चालते. काही फरक पडत नाही. मायनरनेही (दुय्यम विषयानेही) नाही. आणि जीपीए दुरुस्तीच्या काळात डबल मेजर, म्हणजे दोन मुख्य विषय, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्यासाठी लागणाऱ्या जास्तीच्या कोर्सेसऐवजी फिजिऑलॉजी आणि जेनेटिक्स घ्या, आणि उरलेल्या वेळात झोपा.