खावटी कर्जाची थकबाकी (खान्देश)

पावसाळ्यात घरातले धान्य संपलेले आणि नवे पीक अजून शेतात, अशा दिवसांत आदिवासी कुटुंबाने सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून महाराष्ट्र शासन आदिवासी विकास महामंडळामार्फत जी अल्प रक्कम उसनी देत असे, तिला खावटी कर्ज म्हणतात. योजना १९७८ साली सुरू झाली. खान्देशात तिचा पसारा नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, शहादा व नवापूर, धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत, म्हणजे मुख्यतः भिल्ल, पावरा, कोकणा, मावची व तडवी वस्तीत होता.

कर्जाची रक्कम कुटुंबातील माणसे, योजनेच्या भाषेत ‘युनिट’, मोजून ठरे. चार युनिटांपर्यंत २,००० रुपये, पाच ते आठ युनिटांना ३,००० आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४,००० रुपये मिळत. त्यातले निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. मुळात पूर्ण परतफेडीची असलेली ही रक्कम पुढे ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान अशी विभागली गेली.

थकबाकीचे मूळ या कर्जाच्या स्वरूपातच आहे. बैलजोडी, शेळ्या किंवा पिठाची गिरणी यांसाठी घेतलेल्या कर्जातून काहीतरी मिळकत उभी राहते आणि हप्ता तिच्यातून निघतो. खावटीचे धान्य श्रावण सरेपर्यंत चुलीवर शिजून संपलेले असते. परतफेड पुढच्या हंगामातून व्हावी, आदिवासींचा शेतमाल विकत घेणाऱ्या महामंडळाच्या एकाधिकार खरेदी केंद्रावर माल घालताना ती वळती व्हावी, अशी अपेक्षा असली, तरी सातपुड्याच्या उतारावरील कोरडवाहू तुकड्यातले पीक अनेकदा घरालाच पुरत नाही, मग ते केंद्रापर्यंत जाणार कुठून? शिवाय पीक निघाल्यावर, दिवाळीच्या आसपास, याच भागातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. वसुलीचा हंगाम आणि दाराला कुलूप लागण्याचा हंगाम असे एकच पडतात. ऊसतोडीच्या मुकादमाने आगाऊ दिलेली उचल मजुरीतून आधी कापली जाते, सालदाराने (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याने) आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घेतलेली रक्कम वर्षभराच्या कामातून फिटते, आणि सरकारी खावटीमागे असा कोणताही धाक नसल्याने ती शेवटी राहते. याला बुडवेगिरी म्हणणे सोपे आहे, पण घरात येणाऱ्या पैशावर पहिला हात कोणाचा पडतो, हाच खरा प्रश्न आहे.

मागासवर्गीय महामंडळांच्या बीज भांडवल योजनांतील थकबाकी याहून निराळी असते. तेथे साधारणपणे ७५ टक्के रक्कम बँकेची, २० टक्के महामंडळाची आणि ५ टक्के लाभार्थ्याची असते. व्यवसाय बुडाला तर एकाच कर्जदाराच्या नावावर दोन ठिकाणची बाकी चढते. खावटीत देणारा एकच आणि रक्कमही किरकोळ, मात्र कर्जदार लाखोंनी.

नवे खावटी कर्ज २०१४ नंतर दिले गेले नाही. पुढे २०१९ मध्ये २००९-१० ते २०१३-१४ या वर्षांतील राज्यभरची बाकी माफ करण्यात आली : मुद्दल सुमारे २४५ कोटी, व्याज सुमारे ११७ कोटी, लाभार्थी ११ लाखांहून अधिक. भागाकार केला तर व्याज धरूनही माणशी बाकी तीन हजारांच्या थोडी वर जाते, आणि तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसत्या व्याजाचा होता. एवढ्या लहान रकमांची खाती वर्षानुवर्षे ठेवणे, नोटिसा काढणे आणि व्याज आकारत राहणे यात प्रशासनाने काय साधले, हे सांगणे कठीण आहे.

टाळेबंदीच्या वर्षी, २०२० मध्ये, योजना पुन्हा सुरू झाली ती खावटी अनुदान या नावाने. प्रत्येक कुटुंबाला ४,००० रुपये, त्यांपैकी २,००० बँक खात्यात आणि उरलेल्या २,००० रुपयांच्या मटकी, चवळी, तूरडाळ, तेल, मीठ, चहापत्ती अशा वस्तू. मदत जुन्या योजनेसारखीच निम्मी रोख, निम्मी किराण्याची राहिली. परतफेडीची अट तेवढी गेली.