खरवसाच्या वाटीआधी

रंगपंचमीच्या आदल्या रात्री मामाची धवळी व्यायली. इंदूरहून देपालपूरकडे जाताना रस्त्यालगत त्याचं तीन एकर शेत आहे. गहू कापणीला आलेला, बांधावरचा पळस पेटलेला, गोठ्यात एक मालवी गाय, दोन शेळ्या आणि पाच-सात कोंबड्या. सकाळी इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पाहायला जायचा आमचा बेत होता, तो तिथेच बारगळला. कालवड ओलीचिंब, थरथरत होती. दोनदा तोंडावर आपटली, तिसऱ्यांदा चारही पाय फाकवून उभी राहिली, आणि कास शोधत आईच्या पुढच्या पायांशीच ढुश्या देऊ लागली.

तेवढ्यात शेजारचा बटाईदार आला. "भिया, अभी मत पिलाना. पहले जेर गिरने दो."

"तोवर पोरीने काय करायचं?" मामा म्हणाला आणि त्याने कालवडीचं तोंड सडाला लावलं.

जार, म्हणजे गायीची वार, पडेपर्यंत चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दाट दूध, पाजायचा नाही, हा समज माळव्यात आहे, महाराष्ट्रातही आहे. जार कधी दोन-तीन तासांत पडते, कधी दहा-बारा तास घेते. गायीला त्याने काही बिघडत नाही, पण वासराचं घड्याळ तिच्यापेक्षा फार जोरात पळत असतं.

माणसाचं बाळ आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, घेऊनच जन्माला येतं. वारेतून ती गर्भाकडे पोचवायची खास सोय आपल्यात आहे. गायीच्या जारेत आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये थर जास्त. त्यातून प्राणवायू जातो, साखर जाते, पण प्रतिपिंडांसारखे अवजड रेणू अलीकडेच अडतात. म्हणजे धवळीने आजवर जेवढ्या रोगजंतूंशी दोन हात केले, त्यातलं कालवडीकडे जन्मतः जवळपास काहीच आलेलं नव्हतं. आणि ती पडली कुठे, तर गोठ्यातल्या शेणामुतात.

ही उणीव चीक भरून काढतो. व्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत गाय रक्तातली प्रतिपिंडं उपसून कासेत भरते, इतकी की तिच्याच रक्तातलं त्यांचं प्रमाण खाली येतं. चांगल्या चिकात लिटरमागे 50 ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रतिपिंडं असतात, तर नेहमीच्या दुधात एक ग्रॅमही नाही.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या भागाचं. प्रतिपिंड म्हणजे प्रथिन, आणि पोटात गेलेल्या प्रथिनाचे तुकडे व्हायचे हा नियम. नवजात वासराच्या आतड्यात तो काही तास गुंडाळून ठेवलेला असतो. जठरात आम्ल फारसं नसतं, पाचक रसाला आवर घालणारा एक घटक चिकातच असतो, आणि आतड्याच्या पेशी हे भलेमोठे रेणू अख्खेच्या अख्खे गिळून रक्ताकडे सोडतात. पहिल्या चार-सहा तासांत हे काम जोरात चालतं, मग मंदावतं, आणि साधारण 24 तासांत दार बंद होतं. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी ते फक्त अन्न. म्हणून जन्माच्या वजनाचा दहावा हिस्सा चीक, म्हणजे वीस किलोच्या वासराला दोन लिटर, पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा. शिवाय या दारावर पहारेकरी नाही. प्रतिपिंडांच्या आधी शेणातले जंतू पोचले, तर तेही आत शिरू शकतात.

1922 साली थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या अमेरिकी संशोधकांनी काही वासरांना चीक दिला, काहींना दिला नाही. बिनचिकाची बहुतेक वासरं काही दिवसांत दगावली. बटाईदाराचा समज तर खरं पाहता उलटाच आहे: वासरू लुचू लागलं की गायीच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. पान्हा त्यानेच फुटतो, आणि गर्भाशय आकुंचन पावतं तेही त्यानेच. जार पडायला याची मदतच होते.

शेळीच्या करडांचीही हीच कथा. आश्विनात लागलेली शेळी पाच महिन्यांनी, ऐन फाल्गुनात विते, आणि पहाटेच्या गारठ्यात करडू उपाशी राहिलं तर गायीच्या वासराहून लवकर गळाठतं. कोंबडीने मात्र वेगळीच युक्ती काढली आहे. दूध नाही, म्हणून ती प्रतिपिंडं बलकात भरून ठेवते. एकविसाव्या दिवशी कवच फोडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. दोन दिवस दाणा मिळाला नाही तरी त्याचं चालतं ते त्या शिदोरीवर.

आता खरवस. साधं दूध कितीही उकळा, वडी पडत नाही, कारण त्यातलं सुमारे 80 टक्के प्रथिन केसिन, आणि ते नुसत्या उष्णतेने गोठत नाही. चिकात पारडं दुसऱ्या बाजूला झुकतं. दह्याच्या निवळीत उतरतात त्या जातीची प्रथिनं त्यात भरमसाट, आणि त्यातला मोठा वाटा प्रतिपिंडांचा. वाफ लागली की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट होतात. आपण सुरीने कापतो ती थरथरती वडी म्हणजे बऱ्याच अंशी वासराची प्रतिकारशक्ती. शिजल्यावर ती निकामी होते, आणि कच्ची घेतली तरी आपलं आतडं तिचे तुकडेच करणार. तेव्हा खरवसाने माणसाची प्रतिकारशक्ती वाढते वगैरे जे फॉरवर्ड फिरतात, त्यांना चवीपलीकडे आधार नाही. चव मात्र आहे!

आजी हे सगळं शिकली नव्हती. पण तिचं माप असं: पहिल्या दिवसाचा चीक असेल तर तेवढंच किंवा दीडपट दूध घालायचं, दुसऱ्या दिवसाचा असेल तर निम्मं, तिसऱ्या दिवशी मिळाला तर दूध घालूच नये, नाहीतर वडी धरत नाही. प्रत्येक धारेला प्रतिपिंडं कशी ओसरत जातात, त्याचा हा स्वयंपाकघरातला आलेखच.

दुपारी जार पडली. तोवर कालवड पोट टम्म करून गव्हाच्या काडावर झोपली होती. दुसऱ्या दिवशी रात्री मी इंदूरला परतलो तेव्हा मामीने बरणीत चीक भरून दिला. आईने झाकण उघडून बरणी तिरकी केली, चमच्याने दाटपणा पाहिला.

"कितव्या धारेचा?"

"चौथ्या."

"मग दूध बेतानेच," ती म्हणाली आणि वेलदोडे कुटायला घेतले.