मंगलोरी कौल

भाजलेल्या मातीचे, साच्यात दाबून घडवलेले चपटे कौल. कडांच्या खाचांमुळे शेजारशेजारची कौले एकमेकांत अडकतात, तर पाठीवरच्या खुंटीमुळे कौल छपराच्या रिपेवरून (आडव्या लाकडी पट्टीवरून) घसरत नाही. कोकणात त्यापूर्वी कुंभाराचे नळे वापरीत. चाकावर ओढलेला नळा ओला असतानाच उभा चिरून त्याचे दोन भाग करीत. नळे उताणे-उपडे असे दुहेरी बसवावे लागतात. मंगलोरी कौलांचा एकच थर पुरतो.

या कौलाच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे 1815 मध्ये स्थापन झालेल्या बाझेल मिशनचे धर्मप्रचारक 1834 मध्ये मंगळूरला आले. धर्मांतरितांचा जातीचा व्यवसाय तुटत असल्याने मिशनने त्यांच्यासाठी विणकाम व कौलांचे कारखाने काढले. पहिला कारखाना मंगळूरमधील जेप्पू येथे नेत्रावती नदीच्या काठी मिशनचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनी उभारला. त्याचे वर्ष काही ठिकाणी 1860 असे दिले जाते. परंतु मिशनच्या कौलांवरील छापात 1865 हे वर्ष आढळत असल्याने तेच अधिक ग्राह्य वाटते. प्लेब्स्ट यांना या कौलाचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. तो मात्र जपून स्वीकारावा लागतो, कारण एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट फ्रान्सच्या अल्सेस प्रांतातील आल्टकिर्श येथील गिलार्डोनी बंधूंनी 1841 मध्येच घेतले होते. प्लेब्स्ट यांचे खरे श्रेय तो नमुना इथल्या नदीकाठच्या चिकणमातीत यशस्वी करून दाखवण्याचे आहे, आणि तेही थोडे नव्हे.

माती काही काळ मुरवून, मळून तिचे लादे पाडतात, ते साच्यात दाबतात. कौले सावलीत सुकवून भट्टीत साधारण 900 ते 1000 अंश सेल्सियस तापमानाला भाजतात. लाल रंग मातीतील लोहामुळे येतो. ताव कमी पडला तर कौल पाणी पिते. वाजवल्यावर खणखणीत नाद येणारे कौल पक्के समजतात. भारतीय मानक आयएस 654 याच कौलासाठी आहे.

मंगळूरची कौले गलबतांतून कोकणच्या बंदरांत व मुंबईस जात. जड आणि फुटणाऱ्या मालाला जलमार्ग सोयीचा होता. मिशनने पुढे मालपे, कोझिकोड, फेरोके येथेही कारखाने काढले. खाजगी कारखानेही वाढले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मिशनचे कारखाने शत्रुमालमत्ता म्हणून ताब्यात घेतले. नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेकडे गेले. अलीकडे स्लॅब व पत्रे, मातीची टंचाई आणि महागडे सरपण यांमुळे धंदा आटला आहे.

जुन्या घरांचा काळ ठरवताना कौलांच्या पाठीवरील छाप उपयोगी पडतात. मात्र छापातील 1865 हे कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष असून कौल घडवल्याचे नव्हे. शिवाय उतरवलेली कौले दुसऱ्या घरावर चढवण्याची चाल असल्याने केवळ छापावरून घराचे वय सांगू नये.