व्हीपीएन वेगळा, टॉरचा ब्रिज वेगळा

रशियात एमबीबीएसला असलेली माझी पुतणी सुट्टीत सोलापूरला आली होती. जेवताना दादाने विचारलं, "तिकडं इन्स्टा बंद आहे म्हणतीस, मग चालवतीस कसं?"

"व्हीपीएन, पप्पा. तो अडकला की टॉरचा ब्रिज."

"दोन्ही एकच की!"

एकच नाही. पण ही गल्लत चांगल्या शिकलेल्यांचीही होते, कारण दोन्हींचा उपयोग वरवर सारखाच दिसतो: बंद केलेली साइट उघडते.

व्हीपीएनचं काम सोपं. तुमच्या फोनपासून एका कंपनीच्या सर्व्हरपर्यंत कुलूपबंद वाट तयार होते. तुम्ही पुढे कुठं गेलात ते इंटरनेट देणाऱ्याला दिसत नाही. त्या कंपनीला मात्र तुम्ही कोण आणि कुठं जाता, दोन्ही कळू शकतं. म्हणजे भरवसा एकाचा काढून दुसऱ्यावर टाकला, एवढंच. आपल्याकडे एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती 5 वर्षं जपून ठेवायचा आदेश दिला, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. फुकट व्हीपीएनबद्दल तर मी एवढंच विचारतो, की याचं पोट कशावर चालतं?

टॉर हे निनावी राहून इंटरनेट वापरायचं जाळं. त्यात तुमचा डेटा तीन सर्व्हरमधून जातो, त्यांना रिले म्हणतात, म्हणजे भरवसा तिघांत वाटलेला असतो. पहिल्या रिलेला तुम्ही कोण ते ठाऊक, पण कुठं चाललात ते नाही. तिसऱ्याला नेमकं उलट. मधल्याला दोन्ही नाही. मूळ कल्पना 1990च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतून आली, हे ऐकून दादा हसलाच.

अडचण अशी, की या रिलेंची यादी उघड असते. सरकारने यादी घ्यायची आणि सगळे पत्ते बंद करायचे. चीनने ते केलं, डिसेंबर 2021 पासून रशियानेही टॉर अडवायला सुरुवात केली.

ब्रिज लागतो तो इथं. ब्रिज म्हणजे त्या उघड यादीत नसलेला रिले, पहिल्या रिलेच्या जागी बसणारा. गड्ड्याच्या यात्रेत पोलिसांनी रस्ता बंद केला की बाहेरगावचा माणूस बॅरिकेडपाशी उभा राहतो, पेठेतलं पोरगं बोळातून पार होतं. बोळ सगळ्या गावाला कळला तर बॅरिकेड तिथंही येणार. म्हणून ब्रिजचे पत्ते एकदम सगळे कुणालाच मिळत नाहीत. टॉर ब्राउझरच्या कनेक्शनच्या सेटिंगमधून, मेलने किंवा टेलिग्रामच्या बॉटकडून मागितले तर दोन-चार मिळतात. आणि हे पक्कं धरा: ब्रिजमुळे तुम्ही जास्त निनावी होत नाही. तो फक्त आत शिरायची सोय आहे.

बोळ सापडला तरी चालण्यावरून माणूस ओळखू येतो. ओपनव्हीपीएन, वायरगार्ड या व्हीपीएनच्या नेहमीच्या पद्धती. त्यांची सुरुवातीची देवाणघेवाण ठरावीक साच्याची असते, तपासणी यंत्रं ती पकडतात. व्हीपीएन चालता चालता अडकतो तो बऱ्याचदा त्यामुळे. ब्रिजला यासाठी वेगवेगळे वेश आहेत. ओबीएफएस4 मध्ये डेटाला कुठलाच साचा दिसत नाही. वेबटनेल साध्या वेबसाइटच्या रहदारीसारखा दिसतो. स्नोफ्लेक तर व्हिडिओ कॉलच्या तंत्रावर चालतो आणि जगभरच्या स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधून जातो. ते येत-जात राहतात, त्यामुळे पत्ते सतत बदलतात. सप्टेंबर 2022 मध्ये इराणमध्ये आंदोलन पेटलं तेव्हा स्नोफ्लेकचा वापर एकदम वाढला होता.

वेग मात्र विसरा. पुतणीचं म्हणणं, टॉरवर बातम्या वाचायच्या, रील बघायला बसायचं नाही. त्यामुळे जमतं तोवर ती व्हीपीएनच वापरते, आणि तिच्या गरजेला ते बरोबरच आहे.

"आणि आपल्याकडं दंगलीच्या वेळी नेट बंद करतात, तेव्हा?" दादाने विचारलं.

तेव्हा दोन्हींचा उपयोग शून्य. साइट अडवणं म्हणजे बॅरिकेड, नेट बंद म्हणजे रस्ताच उखडलेला. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही असं सांगितलं. हा मार्ग कोर्टातला, ॲपमधला नव्हे.

जाण्याआधी पुतणीने दादाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरला जोडायचं स्नोफ्लेकचं एक्स्टेंशन टाकलं, म्हणजे दादाही आता त्या स्वयंसेवकांतला एक. भीती नको, काका, मला म्हणाली. पलीकडचा माणूस जी साइट उघडतो तिला आपला पत्ता दिसत नाही, आपण त्याला फक्त ब्रिजपर्यंत सोडतो. गेल्या 24 तासांत किती जणांना मदत झाली, ते त्यात दिसतं. दादा आता टॉवेलचं गिऱ्हाईक नसलं की तो आकडा बघत बसतो.